नाव मात्र दुसऱ्याचं

घाटकोपर पूर्वेला मी छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो. सीए, इस्टेट एजंट, औषधांचे होलसेलवाले. स्टाफने आपसात चॅट करावं, पण निरोप परक्या कंपनीच्या मशीनवर जाऊन पडू नयेत, एवढीच त्यांची गरज असते. त्यासाठी मी एक्सएमपीपी या चॅटच्या प्रोटोकॉलचा सर्व्हर बसवून देतो. तो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. वैताग आहे तो नावाचा. ग्राहक प्लॅटफॉर्मवर उभा असतो, लोकलची अनाउन्समेंट चालू असते, मी "एक्स, एम, पी, पी" सांगतो आणि पलीकडून "एम, बी, बी?" येतं. परत सांगायचं. शेवटी तो म्हणतो, "भाऊ, व्हॉट्सॲप करा ना." कोटेशनवर तेच नाव वाचून लोक विचारतात, ही कुठली नवीन कंपनी?

खरं तर या प्रोटोकॉलला तोंडात बसणारं नाव होतं: जॅबर. जेरेमी मिलरने १९९९ च्या जानेवारीत तो जाहीर केला. सगळं खुलं. कुणीही सर्व्हर लिहावा, कुणीही चालवावा. ट्रेडमार्क मात्र जॅबर नावाच्याच कंपनीकडे राहिला. पुढे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने हे काम हाती घेतलं आणि २००४ मध्ये त्याचे मानक-दस्तऐवज, आरएफसी ३९२० आणि ३९२१, निघाले ते एक्सएमपीपी या नावाने. २००७ मध्ये प्रोटोकॉल सांभाळणाऱ्या जॅबर सॉफ्टवेअर फाउंडेशननेही स्वतःच्या पाटीवरून तो शब्द काढला. २००८ मध्ये सिस्कोने जॅबर कंपनी विकत घ्यायचं ठरवलं आणि तिच्याबरोबर नावही सिस्कोकडे गेलं. ज्यांनी फुकट राबून प्रोटोकॉल वाढवला, त्यांच्या हाती चार अक्षरं उरली. यात बेकायदा काही झालं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मला ते अन्यायाचंच वाटतं.

दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे काम करू देणाऱ्या एसएसएच प्रोटोकॉलचंही असंच होणार होतं. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्डचोरी झाली म्हणून टाटू युलोनेनने १९९५ मध्ये तो लिहिला आणि फुकट वाटला. मग कंपनी काढली, ट्रेडमार्क घेतला आणि २००१ च्या फेब्रुवारीत एसएसएचचंच खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ओपनएसएसएचवाल्यांना कळवलं की नाव बदला. त्याचीही बाजू होती. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी घेऊन लोक त्याच्याकडे येत. पण तोवर तो शब्द जगभरच्या मशीनवर रोज टाइप होत होता. आयईटीएफच्या गटाने प्रोटोकॉलचं नाव बदललं नाही. ते बदललं असतं तर माझ्यासारख्यांनी अजून एक निरर्थक अक्षरमाळ ग्राहकांना समजावत आयुष्य घालवलं असतं.

ही भांडणं तिकडची म्हणून सोडून देता येत नाहीत. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: व्यापारात रूढ झालेला शब्द एकट्याच्या नावावर चढवता येत नाही. कलम २१ प्रमाणे नोंदणीला हरकत कुणीही घेऊ शकतो. मुदत ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्जाची जाहिरात आल्यापासून चार महिने, ऑनलाइन फी दर वर्गामागे २,७०० रुपये. जर्नल दर सोमवारी निघतं आणि ते एखाद्याने पान न पान चाळावं असं नसतं. हरकत घेतलीच तर पुढे पुरावे, प्रतिज्ञापत्र, सुनावणी. कंपनी स्वतःच्या नावासाठी वकील ठेवते. सगळ्यांच्या नावासाठी तो कुणी ठेवायचा?

आमच्या वल्लभबाग लेनमध्ये गाडीगाडीवर जिनी डोसा लिहिलेलं असतं. आपल्या गाडीचं नाव ज्याने त्याने जपावं, त्यात कुणाची हरकत नाही. पण जिनी डोसा हेच नाव एकाने नोंदवून घेतलं, तर बाकीच्यांनी तव्यावर काय आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं कसं? प्रोटोकॉलचं तर त्याहून पुढचं आहे. दोन अनोळखी मशीन एकमेकांशी बोलतील याची खात्री लोकांना त्या नावावरूनच पटते.

नाव कुणीच सांभाळू नये असं मी म्हणत नाही. लिनक्सचा ट्रेडमार्क अमेरिकेत एका तिऱ्हाइताने १९९४ मध्ये स्वतःच्या नावावर अर्ज करून मिळवला आणि नंतर तो कंपन्यांकडे पैसे मागू लागला. तंटा होऊन १९९७ मध्ये ट्रेडमार्क लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सच्या हाती आला. राखण नसलेलं नाव असं पळवलं जातं. म्हणून प्रोटोकॉल जाहीर कराल त्याच दिवशी नावही एखाद्या ना-नफा संस्थेच्या स्वाधीन करा. कंपनी मोठी झाल्यावर ते तिच्या हातून सुटत नाही.

आणि अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयातल्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या नोंदवहीत आधीचे ट्रेडमार्क सापडतात, प्रोटोकॉल सापडत नाहीत, कारण ते कुणी तिथे नोंदवलेलेच नसतात. आरएफसींची यादी इंटरनेटवर फुकट मिळते. सॉफ्टवेअरचा किंवा दूरसंचाराचा अर्ज वर्ग ९, ३८ किंवा ४२ मध्ये आला, तर जर्नलमध्ये छापण्याआधी ती यादी एकदा उघडून बघा.