कानाचे करंडे

हेडफोनच्या कानगादीवर जे कातडं असतं, ते कुठल्याही जनावरानं कधी पांघरलेलं नसतं. कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर देतात आणि दुकानात त्याला रुबाबात लेदर म्हणतात. घाम आणि दमट हवा हे त्याचे हाडवैरी. काही पावसाळे काढले की थर कापडाची साथ सोडतो आणि काळ्या कपच्या गळायला लागतात. कराडात तर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना कडकडून भेटतात, आणि त्या भेटीचा ओलावा श्रावणात घराघरातल्या कपाटांत शिरतो. तेव्हा माझ्या गाद्या गळू लागल्या यात नवल नव्हतं. नवल इतरांना वाटलं. कानामागे, मानेवर, कॉलरवर काळे ठिपके वागवत मी मंडईत उभा असताना ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला उजेडाकडे वळवलं, कान चिमटीत धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कधीपासून आहे हे?"

नव्या गाद्यांची किंमत पाहिली, तर त्यात अर्धा हेडफोन आला असता. पण गाद्या शोधता शोधता एक वेगळाच संप्रदाय सापडला. या लोकांना हेडफोन विकत घेऊन जसाच्या तसा कानावर घालणं कमीपणाचं वाटतं. आधी गादी बदलायची, मग प्लास्टिकची वाटी काढून तिथं लाकडाची बसवायची, आणि मग झोप उडेपर्यंत तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकायचं. यांचं मोठं दैवत म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ग्रॅडो कुटुंबाचे हेडफोन. ग्रॅडोंची बरीचशी महागडी मॉडेलं लाकडाची, स्वस्तातली प्लास्टिकची; म्हणून स्वस्तातलं घेणारे भक्त लाकूड स्वतः चढवतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीनं 1968 साली एचडी 414 नावाचा, पाठीमागून उघडा असा हेडफोन काढला होता. त्याची ओळख म्हणजे पिवळ्याधमक स्पंजच्या चकत्या. भक्तमंडळी त्या पिवळ्या चकत्या आणून ग्रॅडोवर चढवतात आणि मधोमध गोल भोक पाडतात. भोकाचं माप ठरलेलं: पाव डॉलरचं नाणं ठेवायचं, कडेनं पेन फिरवायचं, कापायचं. पाव डॉलर म्हणजे सव्वाचोवीस मिलिमीटर. आपल्याकडे दोन रुपयांचं नाणं चालेल असं वाटून मी देवघरातला गल्ला उपडा केला, तर दोन रुपयेच चार वेगवेगळ्या आकारांचे निघाले. अमेरिकेचं सरकार हौशी लोकांचा किती विचार करतं, ते अशा वेळी कळतं.

हे सगळं मी स्वयंपाकघरात मांडलं होतं, कारण घरात चांगला उजेड तिथंच आहे. त्यावरून वाद झाला. मी इतिहास पुढे केला. नॅथानिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थानं अमेरिकेतल्या युटामध्ये 1910 च्या सुमारास हेडफोन बनवला, तो आपल्या स्वयंपाकघरात, आणि तो घेतला चक्क अमेरिकेच्या नौदलानं. जोसेफ ग्रॅडोनंही 1953 मध्ये सुरुवात केली ती स्वयंपाकघरातल्याच टेबलावर, रेकॉर्डप्लेअरच्या सुया घडवत. म्हणजे या क्षेत्रात जे काही थोर घडलं ते ओट्याच्या आसपास. आमच्या हिनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "अहो, त्यांचं नौदलानं घेतलं. तुमचं कोण घेणार? मलकापूर नगरपरिषद? उचला ते, पोळ्या लाटायच्यात."

तर गाद्या. कोल्हापूर नाक्याच्या बाजूला एक सीट कव्हरवाला आहे. मोटारसायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची बैठक तो सांभाळतो. मी हेडफोन पुढे केला तर त्यानं तो उलटासुलटा करून विचारलं, "गाडी कंची?" कानाची म्हटल्यावर तो जरा गंभीर झाला. पण कारागीर पक्का. फोम कुठल्या डेन्सिटीचा, शिलाई आतून की बाहेरून, पायपिंग पाहिजे का, हे त्यानं असं विचारलं की कुठल्याही कंपनीच्या संशोधन विभागानं त्याला उचलून न्यावं. एक जोडी रेक्झिनची केली, दुसरी मखमलीची. मखमल ब्लाउजपीसच्या दुकानातून मीच आणून दिली. शेवटी त्यानं सुई थांबवून विचारलं, "वर नाव टाकायचं का? 'आई-बाबांचा आशीर्वाद' झ्याक बसंल, डाव्यावर आई, उजव्यावर बाबा."

गादीत एवढं काय असतं, असं वाटेल. सगळं तिथंच असतं. हेडफोनचा चिमुकला पडदा आणि आपल्या कानाचा पडदा यांच्यामध्ये मूठभरसुद्धा हवा नसते. ती हवा कोंडून राहिली तरच खर्ज टिकतो. कुठं फट मिळाली की पहिला खर्ज पळ काढतो. रेक्झिन हवा अडवतं, म्हणून तबल्याचा बायाँ छातीवर येतो. मखमल हवा झिरपू देते, बायाँ मागं सरकतो आणि गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. गादी जाड केली की पडदा कानापासून लांब जातो, वरचे स्वर बदलतात. चष्म्याची काडी गादीखालून गेली तरी तेवढ्या फटीतून खर्ज निसटतो. आमचे वडील चष्मा तर लावतातच, वर टोपीही घालतात आणि हेडफोन टोपीवरून चढवतात. साखर कारखान्यात उभी हयात गेलेल्या माणसाला टोपी काढा म्हणायची आमची छाती नाही. तेव्हा त्यांच्यापुरता खर्ज हा विषय बंद आहे.

आता लाकूड. त्यासाठी गेलो कातारीकडे. तो पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब आणि कुंकवाचे करंडे कातून देतो. मी वाटीचं चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "करंडाच की. झाकण कुठाय?" झाकण नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, झाकण घट्ट बसवण्यातच त्याची खरी कला. मग लाकडांची ओळखपरेड झाली. बाभूळ गाडीच्या चाकाला. चिंच खाटकाच्या ओंडक्याला, घाव घातले तरी फुटत नाही. आंबा खोक्याला. साग सगळ्याला, पण त्यात काय मजा. मी विचारलं, "आणि आवाजाला कुठलं चांगलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आवाजाला? साहेब, लाकडानं आवाज करू नये म्हणून तर लोकं माझ्याकडं येत्यात. पाळना करकरला की रात्री दोनला फोन येतो."

तो पूर्ण शास्त्रशुद्ध बोलला होता. सतारीत तार घोडीवर टेकते, घोडी तबलीवर बसते. तिथं लाकडाला थरथरायलाच नेमलेलं असतं. हेडफोनच्या वाटीकडून अपेक्षा अगदी उलटी: तिनं गप्प बसावं. पडद्याच्या पाठीमागून जो आवाज निघतो तो वाटीत घुमतो, आणि तो किती घुमणार हे वाटीच्या खोलीवर, आकारावर, आत नमदा चिकटवला आहे की नाही यावर ठरतं. ती वाटी शिसवाची आहे की चिंचेची, याची त्या आवाजाला फारशी पडलेली नसते. पडलेली असते ती आपल्याला.

मला शिसवच हवं होतं. माळ्यावर आजोबांच्या मोडक्या पलंगाचा एक जाडजूड शिसवी पाय पडून होता. तो घेऊन निघालो तर वडील म्हणाले, "माझा जन्म त्या पलंगावर झालाय." मी म्हटलं, "दादा, मग आता त्याच्यावर अब्दुल करीम खाँसाहेब ऐका." त्यांना हे उत्तर पटलं की उद्धट वाटलं, ते टोपीमुळे कळलं नाही.

वाट्या सुरेख झाल्या. काळसर तांबूस, तुकतुकीत, बोट फिरवत राहावं अशा. एवढा देखणा माल घेऊन मिरजेला न जाणं म्हणजे मिरजेचा अपमान झाला असता. कराडचं स्टेशन कराडात नाही; ते ओगलेवाडीत आहे, जिथं ओगल्यांच्या काच कारखान्यातून प्रभाकर कंदील निघून देशभर गेले. तिथून गाडी पकडली. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस संपले, तेव्हा त्या हातांनी तुनाचं लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे हाती घेतले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पाती घासणाऱ्यांनी सूर घासायला घ्यावेत, हा आपल्या इतिहासातला दुर्मीळ फायद्याचा सौदा.

एका दुकानात म्हाताऱ्या कारागिरांनी माझा हेडफोन हातात घेतला. शिसवाकडे त्यांनी पाहिलं, 'छान' म्हणाले, आणि लगेच अंगठ्यानं गादी दाबली. "फरक हिनं पडला असेल." मग शेजारचा एक तंबोरा ओढला. नक्षी अशी की नजर हटू नये, भोपळा घागरीएवढा. त्यांनी तार छेडली. ठण् असा कोरडा आवाज. मग घोडीवर, तारेखाली, साध्या सुताचा एक धागा सरकवला, किंचित मागं, किंचित पुढं. एका जागी तार एकदम उघडली आणि खोली भरून गेली. जवारी लागली. "गिऱ्हाईक नक्षीचे पैसे देतं," ते म्हणाले, "धाग्याचे मागायचे कसे?"

मी परतीच्या गाडीत याचाच विचार करत होतो. आपल्या लग्नात जसं राबतात एक आणि आहेर भलत्यालाच होतो, तसाच हा प्रकार. राबते गादी, मान लाकडाला.

विद्यानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला हे पुराव्यानिशी हवं होतं. त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधले आणि आलटूनपालटून गाद्या आणि वाट्या बदलल्या. वाजत होते अब्दुल करीम खाँ, जे मिरजेत राहिले आणि 1937 मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात वारल्यावर मिरजेतच विसावले. तेव्हाचं ध्वनिमुद्रण, त्यात खर्ज असा कितीसा असणार? तरीही गाद्या सगळ्यांनी ओळखल्या. रेक्झिन लागलं की वडील म्हणायचे, "खाँसाहेबांना पडसं झालंय." मखमल लागली की, "आता उतार पडलाय." लाकडाच्या बाबतीत मात्र घरादाराची दाणादाण उडाली. प्लास्टिकच्या जुन्या वाटीला हिनं शिसव म्हटलं, शिसवाला वडिलांनी प्लास्टिक म्हटलं, आणि मी जे काही म्हटलं ते भाच्यानं वहीत लिहून घेऊन खाली दोन रेघा मारल्या.

टॉवेल सुटल्यावर वडिलांनी शिसवाचा हेडफोन मागून घेतला, टोपीवरून चढवला आणि डोळे मिटून म्हणाले, "काही म्हण, पलंगाचा आवाज भरदार आहे."

गेल्या आठवड्यात मंडईतले ते डॉक्टर घरी आले. कान पुन्हा तपासला, समाधान पावले, आणि मग हेडफोन लावून बराच वेळ बसले. त्यांनाही असाच एक करून हवा होता. मी त्यांना सगळं समजावलं: खर्ज कसा निसटतो, रेक्झिन आणि मखमल यांत फरक काय, चष्म्याची काडी, नाक्यावरचा सीट कव्हरवाला, भाच्याची वही. डॉक्टर माणूस, मान डोलावत होते, मध्ये एक-दोन नेमके प्रश्नही विचारले. चहा संपवून उठले, दारात चपला घातल्या आणि वळून म्हणाले, "ते सगळं कळलं हो. पण लाकूड कुठलं घेऊ?"