खजिना आणि हमाली

अमेरिकेतलं घर कितीही ऐसपैस असो, घरमालकाचं सामान त्याला पुरून उरतं. त्या उरलेल्या सामानासाठी गावोगाव भाड्याच्या गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत: पत्र्याचं शटर, बाहेर कुलूप, महिन्याच्या महिन्याला भाडं. कुणी वारतं, कुणाचा घटस्फोट होतो, कुणाला मोठ्या घरातून लहान घरात जावं लागतं. सामान गाळ्यात येऊन पडतं आणि पडून राहतं. भाडं थकलं की एक दिवस कुलूप तुटतं आणि आतल्या सगळ्याचा एकगठ्ठा लिलाव होतो. या लिलावांवर ‘ए अँड ई’ वाहिनीने १ डिसेंबर २०१० पासून ‘स्टोरेज वॉर्स’ नावाची मालिका सुरू केली. एकाने टाकलेली अडगळ दुसरा विकत घेतो, हे बघण्यात तिसऱ्याला कसली गोडी, असं वाटेल. पण पाच मिनिटं बघून उठतो म्हणणारा माणूस जेवायची हाक येईपर्यंत तिथेच सापडतो.

मालिकेचे नियम सोपे आहेत. शटर वर जातं. बोली लावणाऱ्यांनी पाच मिनिटं उंबऱ्याबाहेरून बघायचं. आत पाऊल टाकायचं नाही, खोक्याला हात लावायचा नाही. विजेऱ्या फिरतात, माना वाकड्या होतात, ‘मागे काहीतरी चकाकतंय’ अशी कुजबुज होते. मग डॅन डॉटसन बोली पुकारतात, ती इतक्या वेगाने की आकडे कानात शिरेपर्यंत गाळा विकला गेलेला असतो. बोली संपली की ते विजेत्याला सांगतात, बाईंकडे पैसे भरा. या बाई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती लॉरा. आमच्या घरात ज्या एकाच आर्थिक धोरणावर आजवर एकमत झालं, ते हे.

बाकी सगळ्यावर मतभेद आहेत, आणि त्याला कारण एक मोटार आहे.

या मालिकेत डेव्ह हेस्टर नावाचे एक गृहस्थ होते. बोली वाढवायची म्हणजे ते ‘यऽऽऽप!’ अशी आरोळी ठोकायचे. ही आरोळी त्यांना इतकी मौल्यवान वाटे की तिच्या हक्कावरून २०११ मध्ये ट्रे साँग्झ या गायकाशी त्यांची कोर्टबाजी झाली. आरोळीसाठी कोर्टाची पायरी चढणारा माणूस इतर बाबतींत गप्प बसेल, ही अपेक्षाच चुकीची. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या कोर्टात थेट वाहिनीवर आणि निर्मात्यांवर दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की गाळ्यांमध्ये आधीच वस्तू पेरून ठेवतात. कचऱ्याच्या ढिगाखाली बीएमडब्ल्यूची मिनी मोटार ठेवली होती. एका गाळ्यात एल्व्हिस प्रेस्लीच्या मृत्यूच्या बातम्यांची वर्तमानपत्रं ठेवली होती. काही वेळा तर अख्खा गाळाच सजवलेला असायचा. याबद्दल तक्रार केली म्हणून आपल्याला काढलं, तेव्हा साडेसात लाख डॉलर द्या.

आता वाहिनी म्हणेल, ‘खोटं, साफ खोटं!’ असं आपल्याला वाटतं. दावा दाखल होण्याआधी वाहिनीने तसं म्हटलंही होतं. कोर्टात मात्र तिच्या वकिलांनी वेगळाच सूर लावला: कार्यक्रम कसा बनवायचा हा आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मार्च २०१३ मध्ये न्यायाधीशांनी दाव्यातला अनुचित व्यापाराचा भाग फेटाळला, आणि पुढे वाहिनीच्या वकिलांचा सुमारे १ लाख २२ हजार डॉलरचा खर्च हेस्टर यांच्याच अंगावर पडला. मोटार ढिगाखाली कशी आली, याचा निकाल लागलाच नाही. त्याची गरजच पडली नाही.

हेस्टर यांनी आधार घेतला होता तो एका जुन्या जखमेचा. १९५०च्या दशकात ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत स्पर्धकांना उत्तरं आधीच पढवली जात. चार्ल्स व्हॅन डोरन या लाडक्या विजेत्याने नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदेच्या समितीपुढे ते कबूल केलं, आणि अख्ख्या देशाच्या भावना दुखावल्या. पुढच्याच वर्षी ज्ञानाच्या, कौशल्याच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेत प्रेक्षकांना फसवणं हा कायद्याने गुन्हा झाला. आता अडगळीवर बोली लावणं यांतल्या कशात बसतं? ज्ञान म्हणावं तर पाच मिनिटांत उंबऱ्यावरून कसलं ज्ञान होतं? नशीब म्हणावं तर मोटार कोणीतरी ठेवलीय.

आमचे चिरंजीव या विषयावर एका शब्दात बोलतात: “फेक.” त्यांच्या पिढीला चंद्रावरचा माणूसही फेक वाटतो, फक्त मोबाइलवर आलेली सूट खरी वाटते. ते पुरावा म्हणून प्रसंग थांबवून दाखवतात. “बघा ना आजोबा, पेटी उघडायच्या आधीच कॅमेरा पेटीच्या आत! आतून फोटो काढतोय कोण?”

आजोबा, म्हणजे आमचे सासरेबुवा, यांना कॅमेऱ्याशी कर्तव्य नाही. त्यांची हयात एका सहकारी बँकेच्या तपासणी विभागात गेली. शाखेत ते शिरले की व्यवस्थापकांना घाम फुटायचा अशी आख्यायिका आहे, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा आहे. थकबाकी, नोटीस, वर्तमानपत्रातली जाहिरात, लिलाव हा क्रम ऐकून त्यांना संगीत ऐकल्याचं समाधान मिळतं. कॅलिफोर्नियात भाडं १४ दिवस थकलं की नोटिशीचा रस्ता मोकळा होतो, हे कळल्यावर ते कितीतरी वेळ मान डोलवत होते. “चौदा दिवस! आमच्याकडे चौदा वर्षं झाली तरी कर्जदार चहा पाजून परत पाठवायचा.”

पण भागाच्या शेवटी पडद्यावर नफ्या-तोट्याचा तक्ता झळकला, तसे ते खुर्चीत सरसावले.

“जावईबापू, हे थांबवा जरा.”

मी थांबवलं.

“गाळा आठशेला घेतला असं समजा. सायकल निघाली, तिचे पंचाहत्तर. दिवा निघाला, त्याचे चाळीस. कपाटाचे तीनशे. हे भाव ठरवले कोणी?”

“ज्याने गाळा घेतला त्यानेच. कधी एखादा जाणकार बोलावतात.”

“आणि विकलं कोणाला?”

“अजून विकलेलं नाही.”

“म्हणजे अपेक्षित उत्पन्न हे जमा धरलंय!” त्यांच्या आवाजात शिकार दिसल्याचा आनंद होता. “आता खर्चाची बाजू दाखवा. टेम्पोचं भाडं? हमाली? लिलावाच्या गाळ्याचा तर शिरस्ताच आहे ना, दोन-तीन दिवसांत झाडून रिकामा करायचा? मग त्या फाटक्या गाद्या टाकल्या कुठे? तिकडे कचरा टाकायलाही पैसे पडतात. दुकानाचं भाडं, पेट्रोल, दिवसभराची मजुरी? एकही व्हाउचर नाही.”

“आजोबा, पण मोटार ठेवलेली होती की नाही?” चिरंजीवांनी मूळ मुद्दा काढला.

“अरे, मोटारीचं काय घेऊन बसलास! ठेवलेली वस्तू निदान दिसते. माझ्या अख्ख्या नोकरीत मी घोटाळा पकडला तो लिहिलेल्या नोंदीत नाही, न लिहिलेल्या नोंदीत.”

त्या दिवसापासून मी ही मालिका त्यांच्या चष्म्यातून बघू लागलो, आणि खरंच, काय घातलं यापेक्षा काय गाळलं हेच जास्त मनोरंजक निघालं. निर्माते टॉम बीअर्स यांनीच सांगून ठेवलंय की बहुसंख्य गाळ्यांत बघण्यासारखं काही नसतं आणि ते गाळे कार्यक्रमात येतच नाहीत. म्हणजे मोटार न ठेवताही काम भागतं. ढीगभर गाळे उघडायचे, त्यांतले रटाळ टाकून द्यायचे, उरतो तो खजिना. लग्नाच्या अल्बमवर कुणी बनावटपणाचा आरोप करत नाही. पण मानपानावरून वरमाई रुसली तो अर्धा तास त्यात कुठे असतो?

न गाळता दाखवलं तर काय होतं, तेही अमेरिकेने एकदा करून पाहिलंय. २१ एप्रिल १९८६ रोजी पत्रकार जेराल्डो रिव्हेरा यांनी शिकागोच्या लेक्सिंग्टन हॉटेलातली कुख्यात गुंड अल कपोनची गुप्त तिजोरी थेट प्रक्षेपणात फोडली. दोन तासांचा कार्यक्रम, सुमारे तीन कोटी प्रेक्षक. सांगाडे निघाले तर असावा म्हणून शवचिकित्सक हजर, पैसे निघाले तर असावेत म्हणून प्राप्तिकराची माणसंही हजर. निघाली माती आणि रिकाम्या बाटल्या. दूरदर्शनच्या इतिहासात एवढं प्रामाणिक काही क्वचितच झालं असेल. सासरेबुवांना प्राप्तिकरवाल्यांची हजेरी फार भावली. पण दर आठवड्याला माती आणि बाटल्या दाखवून मालिका चालत नाही. तीन कोटी लोक एकदा येतात. दुसऱ्यांदा त्यांच्या घरी पाहुणे असतात.

या सगळ्यात आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न वेगळाच. एका भागात खोक्यातून लहान मुलाचे बूट निघाले. बोली जिंकलेल्याने ते बाजूला फेकले आणि खालची पेटी उघडली. ती म्हणाली, “अहो, पण हे सामान कोणाचं?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण मालिका ते सांगत नाही. मालकांच्या कहाण्यांत आपण मुद्दाम शिरत नाही, तिथे नुसतं दुःख भरलेलं आहे, अशा अर्थाचं बीअर्सच बोलून गेलेत. यात सभ्यपणा आहे, नाही असं नाही. सोय त्याहून मोठी आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे भाडं आणि खर्च वळता करून लिलावात उरलेली रक्कम मूळ भाडेकरूची असते. त्याने वर्षभरात मागितली नाही तर ती काउंटीच्या खजिन्यात जाते. घरचे फोटो आणि कागदपत्रं निघाली तर ती कार्यालयात परत द्यावीत, अशी अट अशा लिलावांत सर्रास असते. म्हणजे बूटवाल्या मुलाच्या बापाचा या खेळात कायदेशीर हिस्सा आहे. पडद्यावरच्या तक्त्यात मात्र त्याचा रकानाच नाही. “बघ,” सासरेबुवा लेकीला म्हणाले, “आणखी एक नोंद सापडली.” बापलेकीचं एकमत झालेला हा दुर्मीळ प्रसंग, त्यामुळे मी चहा ठेवायला उठलो.

मालक कोण, हा प्रश्न कुणी धरून ठेवला तर काय निघतं याचा एक दाखला शिकागोत आहे. २००७ मध्ये भाडं थकलेल्या गाळ्यांतलं सामान लिलावात आलं. जॉन मालूफ या तरुणाने सुमारे ४०० डॉलरला निगेटिव्हची एक पेटी घेतली. त्याला आपल्या भागावरच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. त्या निगेटिव्ह होत्या व्हिव्हियन मायर हिच्या. लोकांची मुलं सांभाळून पोट भरणारी ही बाई आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढत राहिली, लाखाच्या वर, आणि ते जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. मालूफला तिचा माग लागला तेव्हा, २००९ मध्ये, ती नुकतीच वारली होती. आज विसाव्या शतकातल्या थोर छायाचित्रकारांत तिचं नाव घेतात. मालिकेच्या पद्धतीने त्या पेटीचा तक्ता केला असता, तर ‘जुन्या निगेटिव्ह: ५० डॉलर’ लिहून पुढची पेटी उघडली असती.

गंमत म्हणजे खरी मोटारही गाळ्यातून निघालेली आहे, आणि तिथे कॅमेरा नव्हता. १९८९ मध्ये लाँग आयलंडवर एका जोडप्याने आत काय आहे ते न बघता सुमारे १०० डॉलरला गाळा घेतला. त्याचं दहा वर्षांचं भाडं कुणीतरी आगाऊ भरून ठेवलं होतं. आत पांघरुणाखाली एक विचित्र पांढरी गाडी होती. ती घरी नेताना वाटेतल्या ट्रकवाल्यांनी रेडिओवरून एकमेकांना सांगितलं की ही जेम्स बाँडची पाण्याखाली जाणारी लोटस! १९७७च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ चित्रपटातली ती गाडी २०१३ मध्ये लंडनच्या लिलावात साडेपाच लाख पौंडांच्या बोलीला गेली. घेणारे निघाले इलॉन मस्क. हे ऐकून चिरंजीव ठामपणे म्हणाले, “हे तर शंभर टक्के फेक.” अस्सल गोष्टीचं हेच दुर्दैव आहे. ती पटावी म्हणून तिच्यावर कुणी मेहनत घेतलेली नसते.

हेस्टर यांच्या दाव्याचं पुढे काय झालं? नोकरीवरून काढल्याचा मुद्दा तग धरून राहिला, जुलै २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं, आणि त्याच वर्षी हेस्टर मालिकेत परत आले. ज्या गाळ्यांत माल पेरलेला असतो असं त्यांनी कोर्टात लिहून दिलं होतं, तसल्याच गाळ्यांसमोर उभं राहून, तीच आरोळी ठोकत ते पुन्हा बोली वाढवू लागले. बाकीचे बोलीवाले त्यांच्याकडे तिरक्या नजरेने बघत, आणि ती नजर तरी पढवलेली नसावी.

सासरेबुवांना यात नवल वाटलं नाही. “शाखेवर शेरा मारणाऱ्याला त्याच शाखेत व्यवस्थापक केलं. आमच्याकडे दर दोन वर्षांनी व्हायचं.” मग त्यांनी पोराच्या वहीचं एक पान फाडलं, चष्मा पुसला आणि आपला तपासणी अहवाल रीतसर तारीख घालून लिहिला: ‘मोटार ठेवली होती किंवा कसे, याबाबत खुलासा प्राप्त नाही. मूळ मालकाचा हिस्सा दर्शवलेला नाही. करमणूक समाधानकारक. कार्यक्रम पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र टेम्पोचं भाडं दाखवावं.’