वायर की वारा?

चाकणला नोकरी करणाऱ्याचं वाचन कंपनीच्या बसमध्येच होतं. मोशीनंतर बस धावते कमी, उभीच जास्त असते. तळेगाव चौकात तर एखादी दीर्घकथा उरकते. पहिल्या पाळीच्या अंधारात कागद दिसत नाही, म्हणून दिवेवालं किंडल घेतलं.

गेटवरच्या सिक्युरिटीने ते उलटंसुलटं केलं. ‘टॅब काय साहेब?’ ‘नाही, पुस्तक.’ ‘कॅमेरा?’ ‘नाही.’ हातातलं स्टिकर चिकटवायला भोकच सापडेना, तसा तो हिरमुसला. शेवटी रजिस्टरात ‘पाटी, नग 1’ असं लिहून मला आत सोडलं.

आमच्या मेन्टेनन्समधल्या एकाकडे कोबो नावाचं दुसरं वाचनयंत्र आहे, टोरांटोच्या भाच्याने आणलेलं. त्यामुळे बसमध्ये दोन पक्ष पडलेत: पुस्तक हवेतून उतरवणारे आम्ही बिनकॉम्प्युटरवाले आणि ते वायरीने भरणारे वायरवाले.

वायरवाल्यांचा इतिहास जुना. 2006 साली सोनीचं वाचनयंत्र आलं ते कॉम्प्युटरच्या दावणीला बांधूनच. त्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेना, म्हणून कोविद गोयल या आपल्या माणसाने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचंच पुढे कॅलिबर झालं. दुसऱ्याच वर्षी किंडलने मोबाइलच्या नेटवर्कवरून पुस्तकं उतरवून ती दावण तोडली. फेब्रुवारी 2025 मध्ये तर विकत घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोयही ॲमेझॉनने काढून टाकली.

बसमध्ये हे बिनवायरचं काम झकास चालतं. फोनचा हॉटस्पॉट लावायचा, मराठी कादंबरी विकत घ्यायची, सिग्नल सुटायच्या आत ती हजर. पण मराठी माणसाचा खरा ग्रंथसंग्रह असतो व्हॉट्सॲपवर, पीडीएफमध्ये. ए-फोर आकाराचं पान सहा इंचांत बसवलं की काना आणि वेलांटी एकच दिसतात. अक्षरं मोठी करायला मजकूर सोडवावा, तर जुन्या फॉन्टमधून ओव्यांऐवजी स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं बाहेर पडतात. शिवाय किंडलचा मान जावयासारखा: वायरीने ताटात वाढलेलं ईपब पुस्तक तो तोंडात घेत नाही, तेच ईमेलने रीतसर आमंत्रण देऊन पाठवलं की मुकाट गिळतो. कोबोला असला मानपान नाही. वायर जोडा, फाइल टाका, वाचा.

फक्त कॉम्प्युटर हवा. माझ्या कंपनीच्या लॅपटॉपची यूएसबी आयटीवाल्यांनी बंद केली आहे. कोबोवाल्याच्याही लॅपटॉपची तीच गत, त्यामुळे त्याच्या यंत्रात दिवाळीपासून एकच पुस्तक आहे. ते त्याला आता पाठ झालंय. घरचा लॅपटॉप चिरंजीवांच्या ताब्यात. तो मागायला गेलं की आधी नवीन फोनचा विषय निघतो.

मग दोघेही पेनड्राइव्ह घेऊन भोसरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. कॅलिबर, ईपब, जुने फॉन्ट, सगळं त्या पोराला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘काका, पाठपोट प्रिंट मारून स्पायरल करून देऊ का? चार्जिंगची कटकट नाही.’

कोबोवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसता भाव विचारून ठेवला.