पत्रिका जुळली, कार्डाचं काय?

"काय वहिनी, सकाळी सकाळी बायोडाटा घेऊन बसल्या वाटतं?"

"हो नं काकू, लेकाचं बघून राहिले. अठ्ठावीस गुण जुळतात, पण मुलगी उंचीला जरा कमी. हे म्हणतात, आता काय, पुढे लोक उंच-गोरी पोरं ऑर्डर देऊनच करतील. ते जनुकं कापायचं निघालंय नं, क्रिस्पर का काय."

"हो, २०२० चं नोबेल त्यासाठीच मिळालं दोघी बायांना. पण तसली ऑर्डर घ्यायला निघालेला एक चिनी जेलात जाऊन आला, ते नाही वाटतं सांगितलं? हे जियानकुई."

"आमचे हे?"

"तुमचे नाही हो! आडनावच 'हे' त्याचं. तेव्हा शेनझेनच्या विद्यापीठात होता. डॉक्टरही नाही, भौतिकशास्त्र शिकलेला गडी. नोव्हेंबर २०१८ मध्ये यूट्यूबवर सांगून मोकळा झाला की, जुळ्या मुली जन्मल्या, आणि भ्रूण असतानाच मी त्यांचं जनुक बदललं. बाप एचआयव्हीवाला, म्हणे पोरींना कधी लागण होऊ नये."

"मग चांगलंच केलं की."

"डोंबलाचं चांगलं! बापाचं वीर्य धुऊन घेतलं की पोराला लागण होत नाही, ही सोय आधीपासून आहे. ती त्यानंही वापरलीच होती. मग जनुकाला हात कशाला लावला? नाव व्हावं म्हणून, मी तं असंच म्हणेन. बरं, काम तरी धड? एकीत त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदलली. आणि ते जनुक बंद असलं की वेस्ट नाईलचा ताप जास्त बाधतो, ते वेगळंच. तीन वर्षं कैद नि तीस लाख युआन दंड झाला. तो सुटून परत संशोधनाला लागला. पोरींच्या अंगातलं मात्र त्यांच्या लेकरांपर्यंत उतरू शकतं, आणि त्यांना विचारलं कोणी?"

"म्हणजे हे सगळंच वाईट?"

"असं कुठं म्हटलं मी? जन्मभर सरकारी लॅबमध्ये सिकलसेल आजारासाठी रक्त तपासलंय. नळीत रक्ताचा थेंब टाकायचा नि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की माझ्याच पोटात गोळा यायचा. गडचिरोलीकडची पोरं हाडं दुखतात म्हणून रात्र रात्र रडत. अशांसाठीच २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं कॅसजेव्ही या क्रिस्परच्याच उपचाराला परवानगी दिली. पेशंटच्याच मूळ पेशी काढायच्या. आईच्या पोटात असताना आपलं जे हिमोग्लोबिन असतं नं, त्याची बंद झालेली कळ त्यात पुन्हा चालू करायची. मग केमो देऊन हाडांतली जुनी मज्जा साफ करायची नि त्या पेशी परत सोडायच्या. सोपं नाही, पण बदल त्याच्यापुरता, लेकरांत जात नाही. फक्त किंमत बावीस लाख डॉलर."

"अगं बाई! अठरा-वीस कोटी की!"

"म्हणून तर दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं बिरसा १०१ हा आपला उपचार काढलाय, पुण्याचं सीरम त्यात आहे. गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या पोराला मिळेल तेव्हा खरं."

"त्यापेक्षा भ्रूणातच दुरुस्त करून टाकावं नं, कायमची कटकट जाईल."

"आपल्याकडे त्याला मनाई आहे, आणि असू द्या. गर्भजलाची सुई आठवते? गर्भातला दोष शोधायला आली होती. आपण काय शोधलं तिनं? पोरगी! १९८८ मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला, देशात पहिला. आता ही कात्री हातात दिली तं सिकलसेलवाला राहील बाजूला नि रांग लागेल गोऱ्या रंगाची. उंची काय एका जनुकावर असते? हजारो जागांचा हिशेब तो. पण दुकान टाकणारा तसं सांगेल थोडंच! आणि वाईट जनुक कुठलं, हे ठरवणार कोण? सिकलसेलचं एकच जनुक असलं तं ते मलेरियापासून वाचवतं, म्हणून तं टिकलं पिढ्यान्‌पिढ्या."

"खरं आहे बाई."

"ते राहू द्या. पत्रिका पाहिली, सिकलसेलचं कार्ड पाहिलं का? दोघं वाहक निघाले तर दर खेपेला चारात एक शक्यता, पोर आजारी निघायची."

"हो का! आजच मागते मुलीकडच्यांना."

"आधी चिरंजीवांचं काढा."

"त्याचं? अहो काकू, तो सुई पाहूनच चक्कर येऊन पडतो!"