अक्षर छान आहे, पण लिहिलंय काय?

'सुंदर अक्षर हा खरा दागिना' हे वाक्य आमच्याकडे बहुतेक जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर असतं. ते गुरुजींनी लिहिलेलं नसतं. पेंटरकडून पैसे देऊन लिहून घेतलेलं असतं. अक्षराच्या बाबतीत आपण स्वतः हात काळे करायचे नसतात, हा धडा मला असा शाळेतच मिळाला. नांदेडच्या मित्राला तो मिळाला नसावा. त्यानं शनिवार-रविवारच्या सुलेखन कार्यशाळेत परस्पर माझं नाव घातलं आणि मग फोन केला, "तुझे पैसे भरलो मी. आल्यावर दे."

लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारी एसटी धरली. तिच्या कपाळावरची पाटी धुळीचा थर असूनही लांबून वाचता येत होती. ती रंगवणाऱ्यानं कुठली कार्यशाळा केली असेल असं वाटत नाही.

आमची कार्यशाळा एका शिकवणी वर्गाच्या हॉलमध्ये होती. लातूर काय नि नांदेड काय, मोठा हॉल म्हटला की तो नीटच्या तयारीचाच. भिंतीवरून गुणवंतांचे फोटो आमच्या हाताकडे संशयानं बघत होते. तिथल्या बाकांवर कागद, शाईची बाटली आणि कोपर यांपैकी दोनच गोष्टी मावतात. बाक बनवणाऱ्याचा यात दोष नाही. परीक्षेला १८० प्रश्न, ७२० गुण आणि काळ्या बॉलपेननं भरायचे गोल. त्यात अक्षर कुठंच येत नाही. पोरांनी दोन वर्षं एकही अक्षर न काढता लिहावं म्हणून आपण फी भरतो, आणि मग त्याच बाकावर बसून स्वतः 'अ' गिरवायला पुन्हा फी भरतो. मराठवाड्यात पैसा नाही असं कोण म्हणतं?

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत अक्षर काढायची परवानगी नव्हती. नुसत्या उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा. देवनागरीसाठी बोरूचं टोक तिरकं कापावं लागतं आणि हाताचा कोन शेवटपर्यंत तोच ठेवावा लागतो, असं सरांनी सांगितलं. मित्रानं बोरू आणलाच नव्हता. त्यानं माझा घेतला, तिरकं टोक पुन्हा सरळ कापलं आणि "आता बघ, भारी झाला" म्हणत परत दिला.

सरांचा अभ्यास दांडगा. जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे, हे त्यांनी सांगितलं. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, ही समर्थांची अपेक्षा. शेजारी मित्र बसलेला असल्यास काय करावं, याबद्दल मात्र त्या समासात मार्गदर्शन नाही.

मग 'ल' आला. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीचा 'ल' पाकळीयुक्त ठरवला आहे. लातूरकर म्हणून ही जबाबदारी मी गांभीर्यानं घेतली आणि दोन्ही पाकळ्या सारख्या येईपर्यंत कागद सोडला नाही. सर मागं येऊन थांबले. म्हणाले, "स्वच्छ आहे. शाळेतल्यासारखं." मग मित्राच्या कागदावर वाकले. तिथं 'ल' जिलबीसारखा कढईतून नुकताच निसटलेला दिसत होता. सर म्हणाले, "वा! यात ऊर्जा आहे."

पुढं सरांनी अच्युत पालवांची कामं दाखवली. २०२५ चे पद्मश्री. मोडीचं वळण देवनागरीत मिसळून त्यांनी मुक्तलिपी घडवली, त्यामागं मोडीचा किती अभ्यास होता, हे सर तळमळीनं सांगत होते. मित्रानं त्यातलं 'मुक्त' तेवढं टिपून घेतलं. मोडी पालवांनी शिकायची आणि मुक्त यानं व्हायचं, अशी वाटणी झाली. त्यानंतर त्याच्या हातून शाई सांडली तरी ती शैली होती. माझ्या पाकळ्यांवर सांडली तेव्हाही.

रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्रं मिळाली. सुलेखनाचं प्रमाणपत्र, आणि अक्षरं संगणकाची! मी तसं बोलून दाखवलं. त्यावर विंडोजमधला 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी या थोर सुलेखनकारानंच घडवला आहे, असं सरांनी ऐकवलं. तेही खरं. पण माझ्या आडनावातली वेलांटी चुकली होती, तिला जोशी काय करणार? ते दाखवल्यावर सर प्रसन्नपणे म्हणाले, "आता पेननं तुम्हीच दुरुस्त करा. शिकलात ना?"

मित्राचा सांडलेला कागद हल्ली त्याच्या बैठकीत फ्रेम करून लावला आहे. येणारा-जाणारा आधी म्हणतो, "लई भारी!" आणि मग विचारतो, "पण लिहिलंय काय?" त्यावर मित्राचं उत्तर ठरलेलं: "ते वाचायचं नसतं, बघायचं असतं."

माझं अक्षर वाचता येतं, हा त्याचा दोष आता गल्लीभर झाला आहे. लग्नपत्रिकांवरची नावं माझ्याकडं. मसाल्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडं. मंडळाचा वर्गणीचा फलक माझ्याकडं, आणि वर्गणीही वेगळी. शेजाऱ्यांनी तर 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी करून घेतली. मी मनापासून केली, समर्थांना आवडेल अशी. ती इतकी देखणी झाली की लोक खाली गाडी लावून नीट वाचतात, कुणी फोटोही काढतं. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत.

हे मी मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "कामून डोक्याला ताप करून घ्यायलास? मुक्त शैलीत लिहायचं. कुणाला वाचताच नाही आलं तर नियम मोडणार कोण?"

पुढची कार्यशाळा तो स्वतःच घेणार आहे. जुना मित्र म्हणून मला फीमध्ये सवलत आहे. बोरू आपापला आणायचा.