पंख्याची कुरकुर

गाडी बिघडली की खकनारमध्ये वैद्यांची वाण नसते. बॉनेट उघडायचा अवकाश, कोणी प्लग बघतो, कोणी रेडिएटर, आणि 'धक्का मारून पाहा' म्हणणारा तर हमखास निघतोच. हायब्रिड गाडीने मात्र या मंडळींची पंचाईत केली आहे. भाचा ऐन वैशाखात बुरहानपूरहून आला, तेव्हा समोर लाल त्रिकोण पेटलेला. बॉनेटखाली सगळं ठणठणीत. दुखणं होतं मागच्या सीटपाशी.

बऱ्याच हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी मागे असते आणि तिला वारा घालायला एक पंखा असतो. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली, तिच्याही बॅटरीला पंखाच होता. तो केबिनमधलीच हवा ओढतो. म्हणजे आपण ऐटीत एसी लावून बसतो, तो निम्मा बॅटरीसाठी! आमच्याकडच्या उन्हात बॅटरी एवढी लाडावली तर मी तिला नावं ठेवणार नाही.

मिस्तरीने स्कॅनर लावला. "मामा, पी०ए८२. पंख्याचा कोड आहे."

"मग नवा टाकायचा?" भाच्याने खिसा चाचपला.

"थांबा हो भाऊ."

ते 'थांबा' मला फार आवडलं. त्याने स्कॅनरवरूनच पंख्याला पूर्ण वेगाचा हुकूम सोडला आणि सीटला कान लावला. पंखा फिरत होता, पण दमेकऱ्यासारखा. फिरतोय म्हणजे फ्यूज, रिले जागेवर आहेत. वाट अडली असणार. सीटच्या कडेची जाळी उचकटली, तर मागच्या गाळणीवर धुळीचा आणि सुताच्या तंतूंचा राखाडी नमदा! भाच्याचे यंत्रमाग आहेत, सुताचे गठ्ठे मागच्या सीटवरूनच येतात-जातात. वर एक गोधडी त्या जाळीवरच पसरलेली. बॅटरी तापली की गाडीचा संगणक तिचं काम कमी करून इंजिनावर भार टाकतो, मायलेज पडतं. पठ्ठ्या इतके दिवस पेट्रोल पंपाला शिव्या घालत होता.

वाट अडण्याचं हे दुखणं तसं नवं नाही. बुरहानपूरचा कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालची जुनी पाणीयोजना, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात खोदला. पंप नाही, वीज नाही. पाणी नुसतं उताराने बोगद्यातून वाहतं. त्याचं दुखणंही हेच. पाण्यातला चुना भिंतींवर चढत जातो आणि वाट आवळत जाते. तिथे लाल त्रिकोण पेटत नाही, एवढाच काय तो फरक.

गाळणी झटकली, पंख्याची पाती ब्रशने पुसली, कोड पुसला. मजुरी इतकी किरकोळ की भाच्याला क्षणभर फसल्यासारखंच वाटलं.

जाळी आणि गाळणी तुम्हीही घरी साफ करा, हरकत नाही. पण नारिंगी केबल दिसली की हात मागे. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तिथे २०१.६ व्होल्ट खेळतात. विजेचे रबरी हातमोजे घालून, सर्व्हिस प्लग काढून, दहा मिनिटं थांबून करायचं ते काम. ते जाणत्या मिस्तरीवरच सोडा.