बिनटॅगच्या फाइलबाईंना अनावृत पत्र

श्रीमती फाइलबाई,
(न्यायमूर्तींच्या नियुक्तीच्या)
मु. पो. दिल्ली, टिळक मार्ग ते विधी मंत्रालय यांच्या दरम्यान कुठेतरी

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमची काळजी वाटते. मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इनवर्ड इन्स्पेक्शनला आहे. त्याआधी भोसरीत होतो. सव्वीस वर्षं आलेला माल तपासतोय. तेव्हा अडकून पडलेली वस्तू दिसली की हात आपोआप टॅगकडे जातो. तुम्हाला टॅगच नाही, हे कळल्यापासून झोप लागत नाही.

आमच्याकडे तीन टॅग असतात. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड. पिवळ्यावर चार गोष्टी लिहाव्याच लागतात: माल कुठला, कधी अडवला, का अडवला आणि कुणी अडवला. खाली सही. ऑडिटर आला की आधी बिनटॅगची बिन शोधतो. सापडली की मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांची शाळा घेतो. दोन बोल्टांसाठी एवढा जाच. आणि तुम्ही देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा माल पोटात घेऊन महिनोन्‌महिने पडून, तरी तुमच्यावर चिठोरं नाही. याला म्हणतात प्रतिष्ठा!

तुमचं खानदान मोठं आहे, हे मी जाणतो. घटना समितीत 24 मे 1949 रोजी बाबासाहेबांनी तुमची पत्रिका मांडली होती. नेमणूक एकट्या सरकारच्या मर्जीवर सोडणं बरं नव्हे, आणि सरन्यायाधीशांच्या हातात नकाराधिकार देणंही धोक्याचं, असं त्यांनी दोन्हीकडे बजावलं. म्हणून घटनेत शब्द आला तो ‘सल्लामसलत’. बाबासाहेबांनी दोन खड्डे दाखवले होते. आपण अगदी नेमाने आधी एका खड्ड्यात पडलो, मग बाहेर येऊन दुसऱ्यात.

पहिला खड्डा 1973 चा. 24 एप्रिलला केशवानंद भारती खटल्याचा निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघांची सीनिऑरिटी डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केल्याचं जाहीर झालं. तिघांनीही राजीनामे दिले. जानेवारी 1977 मध्ये पाळी न्या. एच. आर. खन्ना यांची. आणीबाणीत नागरिकाला कोर्टाची पायरी चढण्याचा हक्क उरत नाही, असं चार न्यायमूर्ती म्हणत असताना त्यांनी एकट्यानं असहमती लिहिली होती. त्यांना वगळून न्या. बेग आले आणि खन्ना घरी गेले. कारणाच्या रकान्यात काय होतं? अहो, रकानाच नव्हता.

त्या चारांत एक आमच्या तालुक्याचे, हे सांगताना जरा अडखळतो. चाकण खेड तालुक्यात आणि चंद्रचूडांचं मूळ गाव कनेरसरही खेड तालुक्यातच. न्या. य. वि. चंद्रचूड 1978 मध्ये सरन्यायाधीश झाले आणि सात वर्षांहून जास्त त्या पदावर राहिले. इतका काळ दुसरं कुणी राहिलेलं नाही. पुढं 2022 मध्ये मुलगा धनंजयही सरन्यायाधीश झाला. बापलेक सरन्यायाधीश असलेलं गाव देशात दुसरं नाही, म्हणून आम्ही कॉलर ताठ करतो. पण माझ्यासारख्या तपासनिसाला खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा. 2017 मध्ये खासगीपणाच्या खटल्यात मुलानं वडिलांचा सामील असलेला तो आणीबाणीतला निकाल चुकीचा ठरवला. 41 वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या लॉटवर लाल टॅग, तोही घरच्या मालावर, आणि कारणं सविस्तर लिहून. निकाल लिहिताना ज्यांना हे जमतं, त्यांना न्यायमूर्ती निवडताना दोन ओळी का जमू नयेत?

असो. दुसरा खड्डा 1993 चा. 1981 मध्ये न्यायालयानंच सरकारचा शब्द वरचढ ठरवला होता. बारा वर्षांनी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की ‘सल्लामसलत’ म्हणजे ‘संमती’. आमची आईसुद्धा ‘विचारून जा’ म्हणायची तेव्हा ‘परवानगी घे’ असाच अर्थ असायचा. पण तिला त्यासाठी घटनापीठ लागलं नाही. तिथून कॉलेजियम जन्माला आलं. 1998 मध्ये त्यात सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती, असे पाच ठरले. घटनेत या मंडळाचं नावही नाही. कारखान्याच्या भाषेत, सप्लायर स्वतःच स्वतःचा इन्स्पेक्टर.

2014 मध्ये संसदेनं घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन ‘मान्यवर व्यक्ती’, असे सहा जण. त्यातल्या कुठल्याही दोघांनी मान हलवली की नाव बाद. दोन मान्यवरांनी मिळून तीन न्यायमूर्तींना गप्प करावं, अशी ती सोय. 16 ऑक्टोबर 2015 रोजी न्यायालयानं 4 विरुद्ध 1 मतांनी आयोग रद्द केला, एकटे न्या. चेलमेश्वर वेगळे राहिले. म्हणजे ज्याच्या तपासणीबद्दल तक्रार, त्यानंच तक्रार तपासली आणि स्वतःला हिरवा टॅग लावला. नेमणुकीच्या कार्यपद्धतीत सुधारणा करायची म्हणून सरकार आणि न्यायालय यांच्यात मसुदे फिरू लागले. ते अजून फिरताहेत.

तेव्हापासून सरकारनं एक नामी शोध लावला. नाव नाकारायचं म्हटलं तर कारण द्यावं लागतं, आणि कॉलेजियमनं तेच नाव पुन्हा पाठवलं तर मान्य करावं लागतं. पण काहीच न करण्याला कारण लागत नाही! आमच्याकडे असा माणूस सापडला तर सुपरवायझर त्याला ‘मालावर बसलाय’ म्हणतो. दिल्लीत त्याला ‘विचाराधीन’ म्हणतात.

आमच्या मुंबई उच्च न्यायालयाचंच उदाहरण घ्या. वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव फेब्रुवारी 2022 मध्ये कॉलेजियमनं पाठवलं. सरकारनं फेरविचाराला परत केलं. जानेवारी 2023 मध्ये कॉलेजियमनं कधी नव्हे ते सरकारचा आक्षेप जाहीरपणे छापला: हे गृहस्थ समाजमाध्यमांवर मतं मांडतात. त्याखाली उत्तरही छापलं: मत मांडणं हा नागरिकाचा हक्क आहे. झालं, दोन्ही बाजू उजेडात आल्या. कुणाचं पारडं जड, हे चहाच्या टपरीवरचा माणूसही सांगू शकला. त्याच वेळी इतर नावांबाबत गुप्तचर खात्यांचे शेरे छापले गेले, म्हणून कायदामंत्री नाराज झाले. सुंदरेसन न्यायमूर्ती झाले ते नोव्हेंबर 2023 मध्ये. पावणेदोन वर्षं! एवढ्या वेळात चाकणच्या तळेगाव चौकातली गाडीसुद्धा पुढं सरकते.

पण सगळं पाप सरकारच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी न्या. विपुल पांचोली यांचं नाव गेलं. त्याला कॉलेजियममधल्या न्या. नागरत्ना यांनी असहमती नोंदवल्याच्या बातम्या आल्या. कॉलेजियमच्या निवेदनात मात्र तिचा मागमूस नव्हता. निकालातली असहमती छापायची आणि निवडीतली झाकायची, हा कुठला क्यूसी?

त्याच महिन्यात मुंबईत आरती साठे यांच्या नेमणुकीवरून रान पेटलं. भाजपच्या माजी प्रवक्त्या उच्च न्यायालयात कशा, असं आमदार रोहित पवार विचारू लागले. पक्षानं सांगितलं, त्यांनी जानेवारी 2024 मध्येच राजीनामा दिलाय. मला पूर्वायुष्याची एवढी धास्ती नाही. केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री राहिलेले कृष्ण अय्यर मोठे न्यायमूर्ती झालेच की. उलट 1897 मध्ये लोकमान्यांच्या जामिनासाठी वकील म्हणून झगडलेले दावर, न्यायमूर्ती झाल्यावर 1908 मध्ये त्यांनाच सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देऊन मोकळे झाले. माल कुठल्या गोदामातून आला, एवढ्यावरून मी तो परत पाठवत नाही. पण पास का केला, हे मात्र लिहून ठेवतो. ‘आम्ही हे हे तपासलं, तरी योग्य वाटल्या’ एवढं कुणी लिहिलं असतं, तर अर्धं रान पेटलंच नसतं.

आमच्या पट्ट्यात ‘शिफारस’ हा शब्द फार बदनाम आहे, बाई. शिफारस म्हणजे नगरसेवकाची चिठ्ठी, गावच्या दादाचा फोन, लेबर कॉन्ट्रॅक्टरचा ‘आपलाच पोरगा आहे’. कॉलेजियमही नेमका तोच शब्द वापरतं. आता शिफारस आणि निवड यांत फरक काय? निवडीला कारण असतं, शिफारशीला ओळख पुरते.

अमेरिकेत भांडण भर चौकात होतं. 2016 मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी गार्लंड यांचं नाव मार्चमध्ये दिलं, तर ‘निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या’ म्हणून सिनेटमधल्या बहुमताच्या पक्षानं सुनावणीच घेतली नाही. 2020 मध्ये त्याच पक्षानं मतदानाला आठ दिवस असताना बॅरेट यांची निवड उरकली. निर्लज्जपणा खराच, पण चार वर्षांपूर्वीचं कारण सगळ्यांनी ऐकलेलं होतं, म्हणून तो पकडता तरी आला. आपल्याकडे चोरी पकडायला आधी मुद्देमाल तर हवा.

तुम्ही म्हणाल, चाकणच्या बोल्ट मोजणाऱ्याला काय पडलंय? पडलंय. आमच्या लायनीवरच्या एका सहकाऱ्याला कामावरून काढलं. तो खालच्या कोर्टात जिंकला, मालक उच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच झालं. पण पुणे जिल्हा त्यात नाही. म्हणून तो अजून चिंचवडहून सकाळची सिंहगड धरतो, उभ्यानं मुंबईला जातो, रात्री परत येतो. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं 94. सगळी भरल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. त्या रिकाम्या खुर्च्यांवर कुणाचा माणूस बसवायचा, यावर दिल्लीत दोन मोठी घराणी भांडतात. खुर्ची रिकामी राहिल्याचा भुर्दंड मात्र आमच्या गड्याला, खाडे आणि रेल्वेचं तिकीट यांच्या रूपात.

म्हणून सोबत एक पिवळा टॅग पाठवतोय, सुतळीसकट. पेन सरकारच्या हातात असो की कॉलेजियमच्या, मला फरक पडत नाही. चार रकाने भरा म्हणावं. कारणासाठी दोनच ओळी आहेत. आमचे साहेब म्हणतात, दोन ओळींत मावत नाही ते कारण नसतं, सबब असते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक तपासनीस, इनवर्ड विभाग, चाकण

ता. क. : काल सहकाऱ्याला विचारलं, काय झालं रे केसचं? म्हणाला, ‘पुढची तारीख.’ मी हळहळलो. मग तुमची आठवण झाली. त्याला निदान तारीख तरी मिळते, बाई. तुम्हाला तीही नाही.